मुदखेडचीं फुलें आणि भिंगांचीं घराणीं

नांदेडहून पूर्वेस जाणारी आगगाडी अर्ध्या-पाऊण तासांत मुदखेडास पोंचते. गांव फार मोठें नाहीं, परंतु स्टेशनाचा मान मोठा; कारण येथें रुळांस फांटा फुटतो. एक वाट धर्माबादेवरून निझामाबाद व सिकंदराबादकडे जाते; दुसरी भोकर, हिमायतनगर व किनवट यांवरून आदिलाबादेस जाते. फलाटावर घटकाभर उभें राहिलें म्हणजे मराठी, तेलुगु व दखनी उर्दू या तिन्ही भाषा एकाच चहाच्या गाड्याभोंवतीं ऐकूं येतात. तालुक्याचें ठिकाण म्हणून कचेऱ्या आहेत, केंद्रीय राखीव पोलीस दलाचें शिक्षणकेंद्रहि आहे. तथापि आसपासच्या मुलुखांत मुदखेडचें नांव निघालें म्हणजे लोकांच्या तोंडीं प्रथम येतें तें फूल. गुलाब, मोगरा, काकडा व झेंडू यांचे मळे गांवाभोंवतीं पसरलेले आहेत, आणि येथल्या टोपल्या परगांवच्या बाजारांत जातात.

या गांवीं आमचे चुलत बंधू शेती करून राहतात. तिघे भाऊ, चूल एक, वहीखातेंहि एक. थोरल्यांस घरांत सारे अण्णा म्हणतात. धाकट्या बंधूंचा मुलगा पदवीधर झाला, दोन वर्षें नांदेडास एका लग्नाच्या फोटोग्राफराच्या हाताखालीं राबला, आणि आतां मुदखेडासच स्वतःचा धंदा मांडावा असें त्याच्या मनानें घेतलें. घरानें विचार करून एक रक्कम त्यासाठीं बाजूस काढली. ती रक्कम मूळची होती विहिरीच्या खोलीकरणाची. म्हणजे पैसे एकदांच मिळावयाचे. ते वायां गेले तर धंदाहि बुडाला व उन्हाळ्यांत मोगराहि वाळला, अशी ती गोष्ट होती. या व्यवहारांत तिऱ्हाइताची दृष्टि असावी म्हणून अण्णांनीं आम्हांस बोलावून घेतलें. आमचा व्यवसाय संस्कृत शिकविण्याचा. परंतु लहान शाळेंत एका मास्तरास चार विषय पाहावे लागतात, व आरसे आणि भिंगें यांचे धडे आमच्याच वांट्यास वर्षानुवर्षें येत, इतकाच काय तो आमचा अधिकार.

पुतण्याचा पहिलाच प्रश्न असा: “काका, कॅमेरा कोणत्या कंपनीचा घ्यावा?” आमच्या मतें प्रश्नाचा क्रम येथेंच उलटा झाला होता. संस्कृतांत ‘हृ’ हा एकच धातु. पण आहार, विहार, प्रहार, संहार असा त्याचा अर्थ पालटतो तो पुढें लागणाऱ्या उपसर्गामुळें. कॅमेरा हा धातु आणि भिंग हा उपसर्ग. चित्राचा अर्थ भिंग ठरवितें. म्हणून कोणता कॅमेरा, याआधीं कोणतीं भिंगें व तीं कोणत्या घराण्याचीं, हें पाहिलें पाहिजे.

ज्या वाचकांचा या यंत्रांशीं परिचय नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. पूर्वींच्या मोठ्या कॅमेऱ्यांत भिंगामागें एक तिरपा आरसा असे. त्यावरून परावर्तित झालेलें चित्र डोळ्यास दिसे. कळ दाबतांच आरसा वर उडे आणि प्रकाश मागील फिल्मवर किंवा विजेच्या संवेदकावर पडे. २००८ सालीं ऑलिंपस व पॅनासॉनिक या जपानी कारखान्यांनीं हा आरसा अजिबात काढून टाकणारी ‘मायक्रो फोर थर्ड्स’ ही पद्धति जाहीर केली, व पॅनासॉनिकचा पहिला तसा कॅमेरा त्याच वर्षीं निघाला. २०१० सालीं सोनी व २०१२ सालीं फुजीफिल्म यांनीं आपापल्या पद्धती आणल्या. निकॉन व कॅनन यांचे मोठ्या संवेदकाचे बिनआरशाचे कॅमेरे २०१८ सालीं आले. आणि त्याच वर्षीं लायका, पॅनासॉनिक व सिग्मा या तिघांनीं एकच जोड वापरण्याचा करार केला. बाजारांत यांस ‘मिररलेस’ म्हणतात. आंत काय चाललें आहे तें छोट्या पडद्यावर दिसतें, म्हणून आरशाची गरज राहिली नाहीं.

आरसा गेला तशी त्याची जागाहि गेली. कॅननच्या जुन्या कॅमेऱ्यांत भिंगाच्या जोडापासून फिल्मपर्यंतचें अंतर ४४ मिलिमीटर असे, निकॉनच्या जुन्यांत ४६.५. नव्या कॅमेऱ्यांत तें कॅननचें २०, निकॉनचें १६, सोनीचें १८ व फुजीचें १७.७ मिलिमीटर आहे. कॅमेऱ्याच्या तोंडाशीं जी धातूची कडी असते, जीत भिंग फिरवून अडकवितात, तिला ‘माउंट’ म्हणतात. आम्ही तिला बैठक म्हणूं. प्रत्येक घराण्याच्या बैठकीचा व्यास वेगळा, खांचा वेगळ्या, अंतर वेगळें, आणि विजेच्या टोंकांची बोलीहि वेगळी. एकाचें भिंग दुसऱ्यास सरळ बसत नाहीं.

हें तत्त्व मुदखेडच्या माणसास फार समजावून सांगावें लागत नाहीं, कारण त्यानें तें रुळांवर पाहिलेलें आहे. १९०० सालच्या सुमारास निझामाच्या राज्यांतून हैदराबाद–गोदावरी खोऱ्याची रेल्वे मनमाडपर्यंत बांधली गेली ती मीटरगेज होती. रुळांमधील अंतर १००० मिलिमीटर. मनमाडास जी. आय. पी. कंपनीचा जो मार्ग भेटे तो ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटरांचा. डबा कितीहि भक्कम असो, इंजिन कितीहि जोमदार असो, इकडचा डबा तिकडे जात नसे. पोतीं उतरवून हमालांच्या पाठीवरून पलीकडे नेऊन पुन्हां भरावीं लागत. पुढें हे सर्व मार्ग रुंद झाले, आदिलाबादचा फांटाहि रुंद झाला, आणि मीटरगेजचे चांगले धडधाकट डबे या वाटेवर निरुपयोगी ठरले. त्या डब्यांत दोष कांहींच नव्हता. त्यांचे रूळ तेवढे राहिले नाहींत. अण्णांस आम्हीं स्टेशनावर उभें राहून ही तुलना सांगितली तेव्हां ते म्हणाले, “म्हणजे मास्तर, आधीं रूळ कोणता तें ठरवायचं, डबा मग.” याहून नेमकें आम्हांसहि सांगतां आलें नसतें.

मनमाडची हमाली भिंगांतहि आहे. जुन्या आरशाच्या कॅमेऱ्याचें भिंग नव्यावर लावावयाचें असेल तर मध्यें एक पोकळ कडी घालतात. कॅननचें जुनें भिंग कॅननच्या नव्या कॅमेऱ्यावर बसविण्यास ४४ वजा २०, म्हणजे २४ मिलिमीटर जाडीची कडी लागते. तींत कांच नसते. उणी जागा भरून काढणें एवढेंच तिचें काम. एकाच कारखान्याच्या जुन्या-नव्या भिंगांत ही सोय उत्तम चालते. परक्या घराण्यांत मात्र आपोआप फोकस होणें कधीं मंदावतें, कधीं अडखळतें. याच्या उलट, नवें भिंग जुन्या कॅमेऱ्यास लागत नाहीं. कारण तेथें अंतर कमी करावयाचें म्हणजे आरशाच्या जागेंत शिरावयाचें. निकॉनची जुनी बैठक १९५९ सालची व कॅननची १९८७ सालची आहे, व त्यांचीं कित्येक जुनीं भिंगें अशा कडीनें आजहि उपयोगीं पडतात. कॅमेरे दहा वर्षांत जुने होतात. चांगलें भिंग एका पिढीकडून दुसरीकडे जातें.

पुतण्यानें नांदेडच्या मित्रमंडळींकडून तीन पिशव्या दोन दिवसांपुरत्या मागून आणल्या होत्या. एका पिशवींत सोनीचा कॅमेरा, दुसरींत कॅननचा. दोन्ही ‘फुल फ्रेम’, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरांच्या संवेदकाचे. तिसरींत ऑलिंपसचा मायक्रो फोर थर्ड्स, संवेदक १७.३ बाय १३ मिलिमीटर. निकॉन व फुजी यांचीं भिंगें हातीं नव्हतीं. त्यांचीं मापें कारखान्यांच्या पत्रकांवरून घेतलीं. संवेदक लहान असला म्हणजे तेंच दृश्य टिपावयास भिंगाचें नाभीय अंतरहि लहान पुरतें. फुल फ्रेमवर ५० मिलिमीटरचें भिंग जेवढा देखावा घेतें, तेवढा मायक्रो फोर थर्ड्सवर २५ मिलिमीटरचें घेतें, आणि मधल्या आकाराच्या फुजीवर ३३ मिलिमीटरच्या आसपासचें. आम्हीं ठरविलें कीं, कागदावर तुलना करण्यापेक्षां मुदखेडानेंच परीक्षा घ्यावी.

पहिली परीक्षा पहांटेची. गुलाब उन्हें चढण्यापूर्वीं खुडावा लागतो, म्हणून तोडणीच्या बाया झुंजुमुंजु होतांच मळ्यांत येतात. कमरेस ओटी, बोटांस चिंध्या गुंडाळलेल्या, आणि हात असे चालतात कीं कांटा केव्हां चुकविला तें दिसत नाहीं. दंव पाकळ्यांवर तसेंच होतें. पुतण्यानें ऑलिंपसचें ६० मिलिमीटरचें मॅक्रो भिंग लावलें. मॅक्रो म्हणजे वस्तूची प्रतिमा संवेदकावर तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटविणारें. एका गुलाबावर मधमाशी बसली होती, लांबी सुमारें एक सेंटिमीटर. १७.३ मिलिमीटरच्या चौकटींत तिनें निम्म्याहून अधिक रुंदी व्यापली. सोनीच्या ९० मिलिमीटर मॅक्रोवर, ३६ मिलिमीटरच्या चौकटींत, तीच माशी पाव हिश्श्याहून थोडी अधिक भरली. माशी तीच, प्रतिमाहि दोहोंकडे एक सेंटिमीटरचीच. पण लहान चौकटींत ती मोठी दिसली.

वजनाचा फरक तर हातासच कळला. ऑलिंपसचें तें भिंग १८५ ग्रॅम, सोनीचें ६०२. इतर घराण्यांत निकॉनचें १०५ मिलिमीटरचें ६३०, कॅननचें १०० मिलिमीटरचें ७३० आणि फुजीचें ८० मिलिमीटरचें ७५० ग्रॅम भरतें. कॅननच्या भिंगाचा विशेष असा कीं, तें प्रतिमा खऱ्या आकाराच्या १.४ पट करतें. फुलावर वांकून अर्धा तास श्वास रोखावयाचा असेल तर हे ग्रॅम मनगटास मोजावे लागतात. या परीक्षेंत लहान कॅमेरा निःसंशय जिंकला. मुलाच्या तोंडावर जो आनंद दिसला त्यावरून त्याचें मन कोठें आहे तें आम्हांस कळलें. त्यास फुलांचे फोटो हवे होते. घरास त्यानें लग्नांचे फोटो काढावयास हवे होते. गुलाबाची पाकळी दुसऱ्या दिवशीं सुकते, तिचें रूप कोणी तरी राखून ठेवावें, असें तो म्हणे. आणि त्यांत खोटें कांहींच नव्हतें.

दुसरी परीक्षा नदीकांठीं. गोदावरी गांवाच्या दक्षिणेकडून वाहते. दुपार कलल्यावर पाण्याच्या कडेस बगळे उभे होते. येथें दूरदर्शी भिंगांचें काम. सोनीचें २०० ते ६०० मिलिमीटरचें झूम २११५ ग्रॅम भरतें. ऑलिंपसचें १०० ते ४०० चें ११२० ग्रॅम, आणि लहान संवेदकामुळें तें फुल फ्रेमच्या ८०० मिलिमीटरइतकें दूरचें जवळ आणतें. बगळ्याचा डोळा दोहोंतहि स्पष्ट आला. उजेड भरपूर असेपर्यंत लहानानें मोठ्याची बरोबरी केली. ऊन उतरूं लागलें तसे लहान संवेदकाच्या चित्रांत वाळूसारखे कण दिसूं लागले. अण्णांनीं तें सोनीचें धूड दोन्ही हातांनीं उचलून पाहिलें, त्याची किंमत विचारली, आणि तें जपून पिशवींत ठेवीत म्हणाले, “मास्तर, लग्नाला बगळे येतात का हो?” लांब भिंग यादींतून गेलें. ज्या भिंगाची वर्षांतून दोनदां गरज पडते तें विकत न घेतां भाड्यानें आणावें, हा नियम त्यांतून निघाला.

तिसरी परीक्षा दिवेलागणीची, आणि खरी कसोटी तीच होती. मराठवाड्यांतील लग्नें मंगल कार्यालयाच्या मिणमिणत्या नाहींतर रंगीबेरंगी दिव्यांत लागतात. अंतरपाट बाजूस होतो तो क्षण एकच. अक्षता हवेंत असतात तोंवरच त्यांचें चित्र. तेथें फ्लॅश उडविला तर वधूच्या चेहऱ्यावरचा भाव पुसून निघतो. म्हणून उजेड घेण्याची भिंगाची शक्ति पाहावी लागते. तिचें माप ‘एफ’ या अंकानें देतात. नाभीय अंतरास छिद्राच्या व्यासानें भागलें कीं हा अंक येतो. अर्थात् अंक जितका लहान, तितकें छिद्र मोठें. उजेड व्यासाच्या वर्गाप्रमाणें वाढतो, म्हणून एफ ४ पेक्षां एफ २.८ दुप्पट उजेड घेतें, आणि एफ १.८ जवळजवळ पांचपट.

वाड्याच्या ओसरीवर आमच्या काकू, म्हणजे अण्णांच्या मातुःश्री, देवासाठीं मोगऱ्याचा हार गुंफीत बसल्या होत्या. वय नव्वदीकडे झुकलेलें. उजेड देवघरांतील समईचा आणि ओसरीवरील एका दिव्याचा. तिन्ही कॅमेऱ्यांवर एफ २.८ चीं झूम भिंगें लावून तेंच चित्र घेतलें. सोनी व कॅनन यांत फरक करणें आम्हांस कठीण गेलें. ऑलिंपसचेंहि चित्र चांगलें आलें, पण सावलींत कण अधिक. कारण साधें आहे. एफ अंक तोच असल्यामुळें प्रत्येक चौरस मिलिमीटरवर उजेड सारखाच पडतो. पण त्या संवेदकाचें क्षेत्रफळच फुल फ्रेमच्या चौथाईहून थोडेंसें अधिक, म्हणून एकंदर गोळा होणारा उजेडहि तितकाच. पावसाची सर तीच, पण परात लहान असली तर पाणी कमी सांचतें, तसेंच हें. मग सोनीवर ५० मिलिमीटरचें एफ १.८ भिंग लावलें, तेव्हां काकूंच्या हातांवरील शिरा व मोगऱ्याच्या कळ्या दोन्ही समईच्या उजेडांतच उमटल्या.

काकूंनीं हें सारें शांतपणें पाहून घेतलें आणि नातवास विचारलें, “इतकी भिंगं कशाला रे बाबा? माझ्या डोळ्यांत एकेकच बसवलंय.” त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन कृत्रिम भिंगें बसविलेलीं आहेत. “त्यानं दारांत कोण आलं तें दिसतं, देव दिसतो. सुई ओवायची झाली कीं तेवढा चष्मा लावते.” त्या विनोदानें बोलल्या नव्हत्या, पण त्यांत त्या रात्रीच्या हिशेबाचें उत्तर होतें. एक चांगलें, उजेड घेणारें भिंग कायमचें. आणि जवळचें पाहावयाचें असेल तेव्हां त्यास स्वस्तांतली जोड. भिंग व कॅमेरा यांच्यामध्यें घालावयाच्या पोकळ नळ्या मिळतात. त्यांतहि कांच नसते. भिंग संवेदकापासून दूर सरकलें म्हणजे तें जवळच्या वस्तूवर फोकस धरूं लागतें. नळीच्या लांबीस नाभीय अंतरानें भागलें तर प्रतिमा किती वाढेल तें कळतें. ५० मिलिमीटरच्या भिंगास २६ मिलिमीटरच्या नळ्या लावल्या कीं प्रतिमा खऱ्या आकाराच्या निम्म्याहून अधिक होते. मॅक्रो भिंगाची बरोबरी ती करीत नाहीं, कडांस थोडी नरमाई येते, व नळी असेपर्यंत दूरचें दिसत नाहीं. परंतु पाकळीवरचें दंव टिपण्यास तेवढें पुरे आहे. मुलाच्या फुलांस अशी वाट मिळाली.

आतां घराण्याचा निर्णय. लग्नांसाठीं मुख्य भिंग म्हणजे साधारण २४ पासून ७० मिलिमीटरपर्यंतचें एफ २.८ चें झूम. कारखान्यांचीं स्वतःचीं उत्तम भिंगें घेतलीं तर कॅननचें २०१९ सालचें ९०० ग्रॅम, निकॉनचें त्याच सालचें ८०५, सोनीचें २०२२ सालचें दुसरें ६९५. आणि तिघांच्याहि किंमती अशा कीं निम्मी विहीर त्यांतच बुजावी. पण परक्या कारखान्यांचीं भिंगें चालत असतील तर हिशेब बदलतो. टॅमरॉनचें २८ ते ७५ चें दुसरें भिंग ५४० ग्रॅम, सिग्माचें २८ ते ७० चें ४७० ग्रॅम, आणि किंमत बरीच कमी. सोनीनें आपल्या बैठकीची मूलभूत माहिती २०११ सालापासून इतर कारखान्यांस विनामूल्य खुली केली; त्यामुळें तिच्याभोंवतीं परक्या भिंगांची मोठी वस्ती झाली. निकॉननें टॅमरॉन व सिग्मा यांचीं कांहीं भिंगें येऊं दिलीं. स्वतःच्या शिक्क्याचें २८ ते ७५ चेंहि तिनें २०२२ सालीं काढलें. फुजीचेंहि दार या दोघांस उघडें झालें आहे. कॅननचें दार बराच काळ बंद होतें. २०२४ सालीं तिनें सिग्मा व टॅमरॉन यांस परवानगी दिली ती लहान संवेदकाच्या भिंगांपुरती. त्याच सालीं स्वतःचें हलकें २८ ते ७० चें, ४९५ ग्रॅमचें झूम मात्र काढलें.

सामाईक बैठकीचा आणखी एक गुण ऑलिंपसच्या गोष्टीवरून दिसून येतो. १ जानेवारी २०२१ रोजीं त्या कारखान्याचा कॅमेऱ्यांचा धंदा एका निराळ्या कंपनीकडे गेला. बैठक एकट्याची असती तर गिऱ्हाइकांची झोंप उडाली असती. पण ती पॅनासॉनिकचीहि होती, म्हणून जुन्या भिंगांस दुसरें घर तयारच होतें. एकत्र कुटुंबाचा हा फायदा आमच्या वाचकांस निराळा सांगावयास नको.

अखेरचा मुद्दा पत्रकांत सांपडत नाहीं, तो शेजाऱ्यांकडे सांपडतो. मुहूर्त भिंगाच्या दुरुस्तीसाठीं थांबत नाहीं. ऐन लग्नाच्या सकाळीं भिंग अडलें तर तासाभरांत कोणाकडून मागून आणतां येईल, हा प्रश्न किंमतीहून मोठा आहे. पुतण्याच्या ओळखीच्या फोटोग्राफरांपैकीं बहुतेकांपाशीं सोनीची बैठक होती. दुसऱ्या एखाद्या गांवीं ती कॅननची किंवा निकॉनची असूं शकेल, आणि तेथें आम्हीं तोच सल्ला उलट दिला असता. ज्या रुळांवर शेजाऱ्यांच्या गाड्या धांवतात तेथेंच नव्या माणसानें आपला डबा लावावा.

रात्रीं वही उघडली. कॅमेरा सोनीचाच, पण दोन पिढ्या मागचा, वापरलेला, पारखून घेतलेला. टॅमरॉनचें झूम नवें. ५० मिलिमीटरचें एफ १.८, १८६ ग्रॅमचें, नवें. ८५ मिलिमीटरचें, एकट्या व्यक्तीच्या चेहऱ्यासाठीं, दुसऱ्या वर्षीं कमाईंतून. नळ्यांची जोडी. दुसरा कॅमेरा, जो लग्नांत अडीअडचणीस जवळ असावाच लागतो, तो पहिल्या हंगामापुरता भाड्यानें. बेरीज केली तेव्हां ठरलेल्या रकमेंतून कांहीं शिल्लक उरली. मुलगा क्षणभर गप्प बसला. ती शिल्लक त्याच्या मॅक्रो भिंगाचीहि होऊं शकली असती. मग त्यानेंच वही अण्णांकडे सरकवली आणि म्हणाला, “अण्णा, हे विहिरीला परत लावा. पाणी लागलं तर फुलं राहतील.” अण्णांनीं कांहीं उत्तर दिलें नाहीं, त्यांनीं शिल्लक विहिरीच्या खातीं लिहिली, आणि खालीं दुसरी ओळ घातली कीं, दर लग्नामागें ठरलेला भाग घरच्या खातीं परत यावा.

ज्या घरांत असाच विचार चालला असेल त्यांनीं प्रश्नांचा हा क्रम ध्यानीं ठेवावा. आपल्याला चित्र कशाचें घ्यावयाचें आहे, जवळच्याचें, दूरच्याचें कीं अंधारांतल्याचें? त्यासाठीं लागणारीं दोन-तीन भिंगें कोणतीं, व तीं कोणकोणत्या बैठकींत माफक किंमतींत मिळतात? त्यांपैकीं कोणती बैठक आपल्या पंचक्रोशींत चालते? इतकें झाल्यावर कॅमेरा निवडावा. त्याची निवड तोंवर बहुधा आपोआपच झालेली असते. मुदखेडचें पहिलें काम भोकरच्या एका घरचें ठरलें आहे, तुळशीचीं लग्नें झाल्यावरच्या मुहूर्तावर. हारांचीं फुलें अण्णांच्या मळ्यांतून जावयाचीं आहेत.